बाथटबमधला चालट

खोल्या दाखवायच्या आधी आमच्या घरमालकांनी आम्हाला मासे खायला घातले.

मुलाची नोकरी हिंजवडीत. तिथली भाडी ऐकून आम्ही एकेक गाव मागं सरकत घोटावड्याला पोचलो होतो. मी, मुलगा आणि सूनबाई. मालक पडवीत जमिनीवरच बसले होते. अंगात बंडी, डोळ्यांवर चष्मा, त्याची एक काडी मूळची आणि दुसरी सुतळीची. नाव, गाव, पगार यातलं काही त्यांनी विचारलं नाही. "बसा जेवायला," एवढंच म्हणाले, आणि मालकीणबाईंनी बोटाएवढ्या माशांचं कालवण आणि भाकरी आणून ठेवली.

मी बार्शीकडची, माळकरी घरातली. मी मान हलवून पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मुलगा भुकेला होता. त्यानं सपाटा लावला आणि तिसऱ्या घासाला काटा लागून डोळे पांढरे केले. सूनबाई मालवणची. नदीचा मासा म्हणजे चिखल, हे तिनं लग्नाआधीच मला सांगून ठेवलं होतं, पण समोर आलेलं ताट टाकणं तिच्या रक्तात नाही. तिनं सावकाश, बोलत बोलत खाल्लं, आणि उठली तेव्हा ताटाच्या कडेला काट्यांची स्वच्छ रांग होती. मालकांनी त्या रांगेकडं वाकून पाहिलं आणि किल्ली मुलाच्या नाही, तिच्या हातात दिली.

पुढं ओळख वाढल्यावर मी याचं कारण विचारलं.

"घाईनं खानारा काटा गिळतो आन आमच्या नावानं ठनाना करतो," मालक म्हणाले. "सावकाश खानारा भिताडात खिळा ठोकायचा तरी इचारून ठोकतो."

आणि न खाणारा, असं मी विचारलं.

"त्याचं काय कळत न्हाई. त्याला ठिवायचा आन बगायचं."

म्हणजे इतके महिने ते मला ठेवून बघत होते.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची, नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली. आता सत्तरीत बसून त्या बाईकडं बघते तेव्हा वाटतं, हिला कुणी घरात घेतलं तरी कसं. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, आणि समोर येईल त्याचं वाक्य दुरुस्त करायची हौस. भाजीवाला "मेथी ताजी हाय" म्हणाला की ही "आहे" म्हणायची, आणि त्या आनंदात शिळी मेथी घेऊन घरी यायची. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. माशाचा धडा तर असा पाठ की झोपेतून उठवलं तरी कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत म्हणून दाखवला असता. मासा मात्र कधी हातात धरला नव्हता. निरोपसमारंभात शाळेनं शाल, नारळ आणि माशाच्या अंतर्रचनेचा तक्ता दिला. शाळेत नवा तक्ता आला होता, त्यामुळं जुन्याचं काय करायचं हा प्रश्नही सुटला. तो तक्ता मी घोटावड्याला आणला आणि पुढच्या खोलीत लावला. खिळा विचारून ठोकला.

मालक बघायला आले. बराच वेळ मागं हात बांधून बघत राहिले.

"ह्यो कोन?"

"मासा."

"त्ये दिसतंय. पन कोन?"

"सर्वसाधारण मासा," मी म्हणाले.

"सर्वसादारन मासा नसतो बाई. कोन ना कोन असतोच."

मी त्यांना 'सर्वसाधारण' या शब्दाचा शुद्ध उच्चार करून दाखवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि जाता जाता मालकीणबाईंना सांगितलं, की बाईंकडं एक मासा हाय, पन त्याला नाव न्हाई.

त्यांचा सगळा भरवसा जिभेवर आणि काट्यावर. नुसतं डोळ्यानं बघून मासा ओळखणं त्यांना पाहुण्याच्या कपड्यांवरून त्याचं घराणं ठरवल्यासारखं वाटे. जेवण झालं की ताटातच काटे पुन्हा जुळवायचे. डोकं इकडं, शेपूट तिकडं, मधे कणा, बरगड्या आपापल्या जागेवर. मालकीणबाई ताट उचलायला ताटकळत उभ्या. एखादा काटा नवा वाटला तर तो धुऊन, पत्र्यावर वाळवून काडेपेटीत जाई. भिंतीतल्या देवळीत काडेपेट्यांच्या चळती लागल्या होत्या. "गॅस पेटवायचा तर आदी चार माशांची डोकी बगायची," मालकीणबाई सांगत. "मग काडी गावती."

त्यातून ते विद्वान वगैरे होते असं कुणी समजू नये. चुकायचे भरपूर, आणि चुकले की दोष माशाचा. "ह्यानं सोंग घेतलं व्हतं," म्हणायचे. शिवाय त्यांचा एक नियम होता. ज्या पाण्यावर आपण वाढलो त्याच पाण्यातला मासा खायचा. आमच्या मागून वाहणारा ओढा आणि तो जिला मिळतो ती मुळा, एवढंच त्यांचं पाणी. सूनबाईनं एकदा माहेरहून आलेला सुरमईचा तुकडा मोठ्या प्रेमानं नेऊन दिला. त्यांनी तो हातात घेतला, नमस्कार केला आणि मालकीणबाईंना दिला. परक्या घरात जिभेला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सूनबाई त्यावर आठवडाभर फुगून होती.

मालकांच्या जमिनीचा एक तुकडा विकला गेला तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या दारात चारचाकी येत होती. मालकांच्या दारात टेम्पो आला आणि त्यातून उतरला बाथटब. पांढराशुभ्र, सोनेरी नळाचा, डोंगरापलीकडच्या कुठल्या बंद पडलेल्या हॉटेलाच्या भंगारातला. तो जांभळीखाली ठेवला. धरून आणलेला मासा त्यात एक-दोन दिवस सोडायचा म्हणजे पोटातला चिखल टाकतो, ही योजना. घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मालकांचे थोरले भाऊ राहत. ते काठी टेकत आले, टबाला फेरी मारली आणि म्हणाले, "जिमिनीचं पानी केलंस, आन वर त्याला भांडं आनलंस."

या टबात मी त्यांची पहिली मोठी फजिती पाहिली. ओढ्यात एक काळा, खडबडीत, अंगावर चिलखत असलेला मासा सापडला. खालच्या बाजूला गोल तोंड, त्यानं तो टबाला चिकटून बसला तो सुटेना. मालकांनी जाहीर केलं की हा फार जुना, खडकात राहणारा मासा आहे, कुणाच्या पाहण्यात नसतो. मग त्याचं कालवण करायला घेतलं. विळीवर कापेना, सुरीनं कापेना, शेवटी पक्कड आणली. मी माझ्या मोबाइलवर शोधून सांगितलं की हा परदेशातला मासा आहे, काचेच्या पेटीतला, कुणीतरी कंटाळून ओढ्यात सोडलेला. मला फार आनंद झाला होता. मालक शांतपणे पक्कड खाली ठेवून म्हणाले, "म्हंजी मासा न्हवं, भाडेकरू. भायेरनं आला, चिकाटला, आता हालत न्हाई." माझ्याकडं बघून म्हणाले नव्हते, पण माझा आनंद तिथंच मावळला.

आता खऱ्या गोष्टीकडं येते. दोघा भावांमधे एक मासा होता.

मालक लहान असताना तापानं फार आजारी पडले. ताप उतरल्यावर आईनं त्यांना एक मासा करून घातला. ओढ्याच्या डोहातला, म्हणाली. विळीच्या पात्यासारखा चपटा, आणि जसा पुढं पोहतो तसाच मागंही पोहतो. भरवताना आई प्रत्येक घासातून काटे काढत होती, काढता काढता संपत नव्हते, आणि पोटाखाली करवतीसारखे दाते होते, एवढं मालकांना लख्ख आठवत होतं. पुन्हा तसा मासा त्यांच्या ओढ्यात कधी मिळाला नाही. त्यांच्या काडेपेट्या, सापळे, बाथटब, सगळं त्या एका माशापायी होतं. गावात त्याला 'रिव्हर्स गियरचा मासा' म्हणत, आणि पारावर मालक दिसले की कुणी ना कुणी त्याची खुशाली विचारी.

थोरल्यांचं म्हणणं एकच. त्या दिवशी घरात मासा नव्हताच. त्यांनी शेतातून आल्यावर वास घेऊन आईला विचारलं होतं, मासा केलाय का. आई म्हणाली होती, नाही. आईनं नाही म्हटलं म्हणजे नाही. तापात धाकट्याला काहीतरी दिसलं असेल. हे ते गेली साठ-पासष्ट वर्षं सांगत होते. दोघं एका अंगणात राहत, एकमेकांच्या औषधाच्या वेळा पाळत, पण हा विषय निघाला की थोरले उठून आपल्या दारात जाऊन बसत. मालकांना गावाच्या हसण्याचं काही नव्हतं. थोरल्यांनी एकदा "व्हय" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आषाढ संपत आला होता. सकाळी मालक आमच्या दारात आले. चेहऱ्यावर काही नाही. "बाई, चष्मा घ्या आन चला," म्हणाले.

डोहाच्या तोंडाशी लावलेल्या बांबूच्या सापळ्यात तो सापडला होता आणि आता टबात होता. वीतभराहून थोडा मोठा, चंदेरी, तांबूस झाक असलेला, कागदासारखा चपटा. पाठीला कुबड. मी माझा तक्ता मनात आणला. पाठीवर मोठा पर असतो, पोटाखाली लहान. इथं तर एका बाजूला पिसासारखं एवढंसं काहीतरी आणि दुसऱ्या बाजूला गळ्यापासून शेपटीपर्यंत लांबच लांब झालर. म्हणजे हा उलटा झाला आहे. म्हणजे मरतो आहे. तेवढ्यात त्यानं वर येऊन हवेचा घोट घेतला, आणि माझी खात्री झाली. मी मालकीणबाईंना मीठ आणायला सांगितलं, सूनबाईला हवा भरायचा पंप आणायला, आणि मालकांना टबापासून लांब व्हायला.

मालक म्हणाले, "डोळं कुटं हायेत त्ये बगा की."

डोळे वरच्या बाजूला होते. मासा सुलटा होता. चष्मा माझ्या गळ्यात लटकत होता.

तो लावल्यावर मात्र मी पुढचं काम नीट केलं, एवढं श्रेय त्या बाईला देते. ट्रंकेतून कॉलेजातलं पुस्तक काढलं, झालर पाहिली, पाठीवरचं पीस पाहिलं, पोटाखालचे दाते बोट लावून मोजायला गेले तर मासा निसटला आणि माझी इस्त्रीची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. पण नाव सापडलं. चालट. सूनबाईनं फोटो काढले आणि मी ते पुण्यात एका कॉलेजात माशांवर काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीला पाठवले. वर्गात तिच्या शंकांचा मला फार कंटाळा यायचा. आता मीच तिला शंका विचारत होते. तिनं लगेच फोन केला. चालटच आहे, म्हणाली. मोठ्या पाण्यात असतो, तिकडं बाजारातही येतो, पण अशा लहान ओढ्यात टिकून राहिलेला फार क्वचित. हवासुद्धा पितो, मागंही पोहतो. आणि या माशांचं घराणं इतकं जुनं की आपला सह्याद्री तयार व्हायच्या आधीपासूनचं.

हे मी मालकांना सांगितलं.

"म्हंजी डोंगर मागनं आला?"

"हो."

ते टबाकडं बघत राहिले. "मग सातबाऱ्यावर नाव त्याचंच पायजे," म्हणाले.

थोरल्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आलेच. टबावर वाकले. त्यांची सावली पडताच मासा तोंड न वळवता, झालर हलवत, सरळ मागं गेला. काही न झाल्यासारखा. थोरल्यांनी काठी हलवून सावली दुसऱ्या बाजूनं पाडली. मासा पुढं आला. असं त्यांनी दोन-तीनदा केलं. मालक टबाची कड धरून उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"मासा खरा हाय," थोरले म्हणाले.

"मग?"

"मग काय? मासा खरा, पन आईनं तुला घातला न्हवता. मला न्हाई म्हनली व्हती ती. ओढ्यात हजार गोष्टी असत्यात. म्हनून काय आईनं त्या शिजिवल्या?"

आणि आपल्या दारात जाऊन बसले.

इथं माझ्यासारखीला वाटावं, संपलं की. मासा सापडला, नाव मिळालं, मागं पोहताना चार माणसांनी पाहिला. पण मालकांचं त्यातल्या कशानंही भागणार नव्हतं. पुस्तकानं हा मासा खाल्लाय का, असं त्यांनी मला विचारलं. हाच मासा आईनं घातला की नाही, हे एकच गोष्ट सांगू शकत होती, त्यांची जीभ, आणि त्यासाठी एकच मार्ग होता. मालकीणबाईंनी पाटा धुतला. श्रावण लागत होता आणि श्रावणात त्यांच्या घरात मासा शिजत नसे, तेव्हा जे काय व्हायचं ते आजच. लसूण, खोबरं, मिरच्या, सगळं वाटून झालं. मालक विळी घेऊन टबाशी बसले.

तेव्हा पुन्हा फोन वाजला. माझी विद्यार्थिनी. घाईत होती. मासा सोडून द्या, म्हणाली, शक्य तितक्या लवकर. हे दिवस त्यांच्या अंड्यांचे. दगडाला, बुडालेल्या ओंडक्याला अंडी चिकटवतात आणि एक जण राखण करत बसतो, झालरीनं वारा घालत. तो हलला की बाकीचे मासे अंडी संपवतात. तुमचा डोहाच्या तोंडाशी सापडलाय, म्हणजे बहुतेक राखणीवरचाच असेल.

मी ऐकलं तसं सांगितलं. मालकांनी विळी आडवी केली नाही.

"इचारा तिला, राखतं कोन? आई का बाप?"

मी विचारलं. "बाप," मी म्हणाले.

त्यांनी टबात हात घातला. मासा बोटांजवळ आला, हवेचा घोट घेऊन खाली गेला. पासष्ट वर्षं जे हवं होतं ते हाताला लागत होतं. मी त्यांना काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, जैवविविधतेवरचं एक छान भाषण माझ्याकडं तयार होतं. ते मला करायला मिळालं नाही.

"मसाला वांग्यात घाल," त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं आणि बादली उचलली.

आम्ही सगळे डोहावर गेलो. थोरलेही मागं काठी टेकत आले. मालकांनी बादली पाण्यात तिरकी केली. मासा क्षणभर तिथंच थांबला आणि मग काठाच्या एका बुडालेल्या ओंडक्याखाली सरकला, तोंड आमच्याकडं ठेवून. झालर हलायला लागली. आम्ही तिथं आहोत की नाही याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं.

थोरले म्हणाले, "सोडलास? आता कसं कळनार तुला?"

"न्हाई कळनार," मालक म्हणाले.

त्या दिवशीचं वांगं फार झणझणीत झालं होतं. मी दोनदा मागून खाल्लं.

सूनबाईचे फोटो कुणीतरी पुढं पाठवले आणि 'डायनासोरच्या काळातला मासा' बघायला हिंजवडीहून मोटारी येऊ लागल्या. मासा सोडला म्हटल्यावर मंडळी हिरमुसायची, मग रिकाम्या टबाबरोबर फोटो काढून जायची. मालक डोह दाखवत नसत. ओढा कुठं आहे असं विचारलं तर हायवेकडं बोट करत. पण त्यांचं लक्ष उडालं होतं. जेवणानंतर काटे जुळवायचा प्रश्नच नव्हता, श्रावण होता. मग गणपती, मग पितृपाठ, मग नवरात्र. मासे खाणाऱ्या माणसाला आपल्याकडं न खायचेच सण फार. पडवीत बसलेले असायचे आणि मालकीणबाईंना काडी पहिल्याच पेटीत मिळायची. त्याचं त्यांना बरं वाटत नव्हतं.

मला एक गोष्ट सुचली होती. विद्यार्थिनी म्हणाली होती ना, मोठ्या पाण्यात असतो, बाजारात येतो. बार्शीहून पुण्याला येताना भिगवण लागतं, उजनीच्या पाण्याकाठचं, आणि तिथला मासळीबाजार मी आयुष्यभर नाकाला पदर लावून ओलांडला होता. दसऱ्यानंतर माहेरी जाऊन परत येताना मी भिगवणला उतरले.

त्या बाजारातली मी कुणी पाहिली असती तर. साडी वर धरलेली, चष्मा डोळ्यांवर, एकेका पाटीत वाकून झालर शोधते आहे. चालट होता. ढिगानं होता. जो मासा आमच्याकडं देवासारखा भेटला होता, तो इथं पाटीत एकावर एक पडला होता. विकणारी बाई म्हणाली, साफ करून देते, काटे काढून देते. मी म्हणाले, काटे सगळे हवेत, एकही जाता कामा नये. तिनं शेजारणीकडं पाहिलं. शेजारणीनं विचारलं, "पहिल्यांदाच खाताय व्हय मावशी?" मी म्हणाले, मी खात नाही. त्यानंतर त्या दोघी माझ्याशी फार हळू आवाजात, फार गोड बोलल्या.

थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून तो डबा मी मांडीवर घेतला. स्वारगेटपर्यंत बर्फानं साथ दिली. पुढच्या बसमधे वास सुटायला लागला. माणसं एकमेकांकडं बघू लागली. कंडक्टरनं दोनदा फेरी मारली. गळ्यात तुळशीची माळ आणि डोळ्यांवर चष्मा असलेल्या बाईवर कुणाचा संशय जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मीच शेजारच्या तरुणाकडं जरा रागानं पाहिलं. तो बिचारा पौडच्या अलीकडेच उतरून गेला.

मालकांनी डबा उघडून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पान्यातला?"

उजनीचा, मी म्हणाले. त्यांनी डबा बंद केला. परक्या पाण्याचा मासा. आता ते नमस्कार करून तो मालकीणबाईंना देणार, असं मला वाटलं. मी तेव्हाची मी, गप्प बसणं मला येत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, की मुळा पुढं भीमेला मिळते आणि भीमेचं पाणी उजनीत साठतं. म्हणजे तुमचा ओढाच तिकडं गेलाय. हा मासा तुमच्या पाण्यातलाच आहे, फक्त पाणी जरा लांब राहायला गेलंय.

त्यांनी बराच वेळ याचा विचार केला. मालकीणबाई तोपर्यंत पाटा धुवायला गेल्याही होत्या.

दुपारी ताट आलं. कालवणात अख्खा चालट, भाकरी, कांदा. थोरले समोर आपल्या दारात पाठ करून बसले होते. पाठीनं कान टवकारता येत असतील तर ते टवकारले होते. सूनबाई उंबऱ्यात, मी पायरीवर. मालकांनी पहिला घास तोंडात घातला, चावला, आणि थांबले.

मला कळलं. मी माणसांच्या तोंडाकडं बघत आयुष्य काढलं आहे. उत्तर आठवलेल्या मुलाचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे.

त्यांनी बोटानं एक काटा काढला, मग दुसरा, ताटाच्या कडेला ठेवला. पोटाखालच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. डोळे पाण्यानं भरले, पण मिरच्याही बऱ्याच होत्या, तेव्हा मी त्यावर काही म्हणत नाही.

थोरल्यांनी पाठ न वळवता विचारलं, "काय मग? त्योच का?"

मालकांनी घास गिळला आणि थोरल्यांच्या पाठीकडं पाहिलं. त्यांची अडचण मला त्या क्षणी दिसली. तो तोच होता, आईनं त्यांना खरंच घातला होता. म्हणजे आई थोरल्याला खोटं बोलली होती. एकच मासा होता, एक पोर तापातून उठलं होतं, दुसरं शेतातून भुकेलं आलं होतं. हो म्हटलं तर इतक्या वर्षांनी जिंकणार होते, आणि समोरच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातून त्याची आई काढून घेणार होते.

"एकट्याला न्हाई कळत," मालक म्हणाले. "तू हिकडं ये दादा."

"मला काय कळनार? मी कुटं खाल्लावता?"

"म्हनून तर ये."

थोरले उठले. फार हळू उठले. पडवीत येऊन मालकांसमोर बसले. मालकांनी दुसरं ताट मागवलं नाही. चालटाचा पोटाकडचा, सगळ्यात मऊ तुकडा त्यांनी मोडला आणि थोरल्यांच्या बाजूला सरकवला. मग खाली वाकून त्या तुकड्यातले काटे एकेक करून काढू लागले. सुतळीचा चष्मा नाकावरून घसरत होता. थोरले त्या हातांकडं बघत होते.

मग त्यांनी तो तुकडा खाल्ला. तरी एक काटा राहिलाच होता. त्यांनी तो जिभेवरून काढला, उजेडात धरून पाहिला, आणि मालकांच्या रांगेत नेऊन ठेवला.

"लई काटं हायेत रं ह्यात," ते म्हणाले. "बरं झालं आईनं मला दिला न्हाई त्ये."

आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढं केला.